जिनग्वाशीचं सुवर्ण संग्रहालय आणि खालचं युद्धकैदी स्मारक: एका खाणवाल्याचा अभिप्राय

मुलगा शिंचूला चिप कंपनीत आहे, म्हणून आमचं तैवानला येणं-जाणं असतं. इथे येणारी आपली मंडळी तैपेई १०१ बघतात, शिफेनला आकाशकंदील सोडतात, जिउफेनच्या गल्लीत फोटो काढतात आणि परत फिरतात. जिउफेनहून तीच बस डोंगराला वळसा घालून जिनग्वाशीला जाते. तिथे न्यू तैपेई शहराचं सुवर्ण संग्रहालय आहे. त्याच्याबद्दल मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा अभिप्राय. मी चंद्रपूरकडच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) भूमिगत खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीचं काम बघणारा अधिकारी होतो. खाणीबद्दल बोलताना मला हातचं राखून बोलता येत नाही, तेव्हा थोडं लांबेल.

आधी संग्रहालय. इमारत एकच नाही, डोंगराच्या उतारावर पसरलेली सगळी जुनी खाणवस्तीच संग्रहालय म्हणून जपलेली आहे. तिकीट ८० तैवानी डॉलर. २००४ साली हे सुरू झालं. वाटेत खाणीच्या गाड्यांचे जुने रूळ जागेवर ठेवलेत, जपानी अधिकाऱ्यांची लाकडी घरं दुरुस्त करून उघडी केलीत. १९२२ साली खाण कंपनीने जपानच्या युवराजासाठी बांधलेला एक बंगलाही आहे. युवराज (म्हणजे पुढचे सम्राट हिरोहितो) १९२३ मध्ये तैवानला आले, पण इथे काही पोचले नाहीत. बंगल्यातली बाग, देवदारासारख्या लाकडाचा वास, सरकते दरवाजे, सगळं सुरेख आहे. आमची सूनबाई तिथेच रमली.

मुख्य इमारतीत वरच्या मजल्यावर २२० किलो वजनाची शुद्ध सोन्याची वीट आहे. काचेच्या पेटीला भोकं आहेत, त्यातून हात घालून विटेला हात लावायचा. त्या दिवशीच्या भावाने तिची किंमत शेजारी फलकावर दिसते. रांग तिथेच सगळ्यात लांब असते. नातीने दोन्ही हात आत घातले आणि बाहेर काढायला तयार होईना. मुलं सोबत असतील तर ही वीट चुकवू नका.

माझं मन मात्र खालच्या मजल्यावर होतं. तिथे हत्यारं आहेत, दिवे आहेत, धातूचे दगड आहेत, डोंगराच्या पोटातल्या थरांचा नकाशा आहे. या भागात सोनं सापडलं ते १८९० च्या सुमाराला, नदीवर रेल्वेचा पूल बांधताना. १८९५ ला जपानने तैवान घेतलं आणि पुढची पन्नास वर्षं खाण जपानी कंपन्यांच्या हातात राहिली. सोन्याबरोबर तांबंही मुबलक निघालं. दुसरं महायुद्ध पेटल्यावर तांब्याला सोन्यापेक्षा जास्त महत्त्व आलं, कारण तारा, काडतुसं, तोफगोळ्यांची कवचं सगळी त्याचीच. आणि तांबं काढायला माणसं कमी पडू लागली, तेव्हा ती सिंगापुरातून आणली गेली. इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीची माहिती याच मजल्यावर आहे. चिनी आणि इंग्रजीत आहे, थोडक्यात आहे, पण आहे. ती आधी वाचा आणि मग पुढे जा, असं मी सांगेन.

बेनशान पाचवा बोगदा हा संग्रहालयाचा दुसरा मोठा भाग. त्याचं वेगळं तिकीट आहे, ५० डॉलर. डोक्यावर आधी कागदी टोपी, वर हेल्मेट. आत मेणाचे कामगार उभे आहेत, ड्रिलचा आणि बोलण्याचा आवाज ध्वनिफितीवर चालू असतो. लाकडी सपोर्ट बघण्यासारखे लावलेत. मी सवयीने छताकडे बघत चालत होतो. आमच्याकडे फेसवर (जिथे प्रत्यक्ष कोळसा काढतात त्या जागी) गेलं की आधी काठीने छत ठोकून बघायचं: टणक आवाज आला तर बरं, पोकळ आला तर माणसं मागे घ्यायची. इथे छत पक्कं केलेलं आहे, हवा गार आहे, पायाखाली पाणी नाही, दिवे भरपूर. लहान मुलं, म्हातारी माणसं बिनधास्त जाऊ शकतात. प्रदर्शन म्हणून उत्तम. पण खाण कशी असते ते यावरून कळणार नाही, आणि १९४२ ते ४५ मध्ये ती कशी होती ते तर मुळीच नाही. त्यासाठी बोगद्यातून बाहेर पडून डोंगर उतरावा लागतो.

तिथे जाण्याआधी जेवण करून घ्या, कारण नंतर जेवण जाईल याची खात्री नाही. आवारातल्या उपाहारगृहात ‘खाणकामगाराचा डबा’ मिळतो. धातूचा गोल डबा, फडक्यात बांधलेला, सोबत चॉपस्टिक्स. भातावर तळलेला डुकराचा तुकडा आणि वर भाज्या. डबा, फडकं घरी न्यायचं असेल तर तसं सांगायचं, पैसे जास्त पडतात. मी डुकराचं खात नाही. मुलाने खाल्लं, त्याला आवडलं. भात मऊ आणि गरम होता, भाज्या ताज्या होत्या. डोंगरातल्या पर्यटनस्थळाच्या मानाने दर ठीक वाटले. मी भाज्या-भात घेतला आणि माझं पोट भरलं.

आता मूळ गोष्ट.

संग्रहालयापासून जुन्या बाजाराची गल्ली धरून खाली उतरलं की एका ओळीने घरं, एक मोठं देऊळ (छपरावर चिनी युद्धदेव गुआन यूचा तांब्याचा अवाढव्य पुतळा बसलेला आहे) आणि त्याच्याही खाली, दरीच्या तोंडाशी एक छोटी बाग लागते. तीच किंकासेकी छावणीची जागा. जपानी लोक जिनग्वाशीला किंकासेकी म्हणत, आणि कैद्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. छावणीचं आज फारसं काही शिल्लक नाही: फाटकाचा एक खांब आणि भिंतीचा थोडा भाग. बाकी हिरवळ, स्मारकाचा दगड, आणि दोन हाडकुळ्या माणसांचा पुतळा, एक दुसऱ्याला आधार देतोय. पहिलं स्मारक १९९७ साली उभं राहिलं. पुढे बाग झाली आणि मागाहून काळ्या दगडाची भिंत आली. तिच्यावर तैवानमधल्या सगळ्या छावण्यांतल्या कैद्यांची नावं कोरलेली आहेत, चार हजारांहून जास्त. अशा डझनाहून अधिक छावण्या या बेटावर होत्या. प्रवेशाला तिकीट नाही, फाटक बंद होण्याची भीती नाही.

१४ नोव्हेंबर १९४२ ला ‘इंग्लंड मारू’ नावाचं जहाज कीलुंग बंदराला लागलं. सिंगापुरात जपान्यांना शरण आलेल्या ब्रिटिश फौजेतले अकराशे कैदी त्यात होते. त्यातल्या ५२३ जणांना आगगाडीने पायथ्यापर्यंत आणून या डोंगरावर चढवलं. बहुतेक ब्रिटिश. नंतर इतर देशांचेही आले. नोव्हेंबरमध्ये इथे ईशान्येचा वारा आणि पाऊस सुरू होतो तो महिनोन्‌महिने थांबत नाही. मलायाच्या उकाड्यातून आलेल्या, पातळ कपड्यांतल्या माणसांनी डिसेंबरपासून खाणीत उतरायला सुरुवात केली. पुढच्या काळात एकूण अकराशेहून जास्त कैद्यांनी या खाणीत काम केलं. जे फार खंगले त्यांना दुसऱ्या छावण्यांत हलवायचं आणि त्यांच्या जागी नवे आणायचे, अशी पद्धत होती.

पाळी कशी चालायची ते त्यांच्यापैकी जगलेल्या लोकांनी सांगितलेलं आहे. छावणीतून डोंगर चढायचा, पलीकडे शेकडो पायऱ्या उतरून खाणीच्या तोंडाशी जायचं, आणि मग आत आणखी खाली, पुन्हा पायऱ्यांनी. आमच्याकडे फेसपर्यंत चालत जायला वेळ लागला तर युनियन भांडायची. इथे उपाशी माणूस कामाला पोचतानाच अर्धा संपत असे. वर कपड्यांत थंडीने काकडायचं आणि खाली लंगोटीवर घामाने निथळायचं. हत्यार म्हणजे लांब दांड्याचं फावडं, त्याला ते मलायातला शब्द वापरून ‘चंकल’ म्हणत. फोडलेला दगड फावड्याने ओढून टोपलीत भरायचा, टोपली गाडीत रिकामी करायची, गाडी ढकलत न्यायची. दिवसाला इतक्या गाड्या, असा हिशेब ठरलेला असे, आणि तो वाढवत नेला जाई. हिशेब भरला नाही तर पाळी संपल्यावर रांगेत उभं करून हातोड्याच्या दांड्याने मार.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं, कारण मी पाळीचा हिशेब लिहिण्यात आयुष्य घालवलंय. टब, म्हणजे भरलेल्या गाड्या, मोजणं हे खाणीतलं रोजचंच काम. आमच्याकडेही उत्पादनाचा आकडा असायचा, वरून दाब असायचा, मॅनेजर ओरडायचा. पण आकडा भरत नसेल तर खाणवाला पहिला प्रश्न विचारतो की का भरत नाही. फेस पाण्यात आहे का? हवा पोचत नाही का? ब्लास्टिंग नीट झालं नाही का? माणूस आजारी आहे का? किंकासेकीत हा प्रश्न विचारणारा कुणीच नव्हता. शिवाय दगड सोपा असलेली जागा आणि अवघड असलेली जागा यांत फरक धरलेला नसे. ज्याच्या वाट्याला वाईट जागा आली त्याने मार खायचा, एवढंच. क्रौर्य म्हणून तर हे भयंकर आहेच, पण खाणकाम म्हणूनही हे अडाणीपणाचं आहे. मार खाल्लेल्या माणसाच्या हातून दुसऱ्या दिवशी कमीच माल निघतो, हे खाणीतला कुठलाही सरदार (मुकादम) सांगेल.

उष्णतेचं बघा. आपल्या कोळसा खाण नियमांत ओल्या कापडाच्या थर्मामीटरचं तापमान ३३.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. ३०.५ च्या वर गेलं तर हवेचा झोत सेकंदाला निदान एक मीटर तरी हवा. हा नियम उगाच नाही. त्याच्या वर दमट हवेत घाम सुकत नाही, शरीराची उष्णता बाहेर पडत नाही आणि माणूस काम करता करता कोसळतो. किंकासेकीच्या खोल भागांत हवा खेळती नव्हती, दगडच गरम होता, आणि कैद्यांनी चाळीस अंशांच्या वरच्या तापमानाची वर्णनं केली आहेत. त्यात पोटात मूठभर भात आणि पाणचट भाजीचं सार. बेरीबेरीने (जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) पाय सुजायचे, तळव्यांत विजेसारख्या कळा यायच्या.

आणि पाणी. संग्रहालयाहून समुद्राकडे उतरताना रस्त्याला ‘सोनेरी धबधबा’ लागतो. तांबूस-पिवळ्या दगडांवरून पाणी वाहतं, पर्यटक गाड्या थांबवून फोटो काढतात. पुढे समुद्रही अर्धा पिवळा आणि अर्धा निळा दिसतो. हा रंग आला कुठून? डोंगरात तांब्या-लोखंडाचे गंधकयुक्त खनिज आहेत. खाणीने ते उघडे पडले की हवा आणि पाणी लागून त्यातून गंधकाचं आम्ल तयार होतं. ते दगडातला धातू विरघळवत बाहेर येतं आणि लोखंडाचा गंज दगडांवर बसतो. म्हणजे आज जो धबधबा बघून आपण वा म्हणतो, तेच पाणी बोगद्याच्या छतातून उघड्या पाठींवर ठिबकायचं. कैद्यांच्या अंगावर त्याने फोड यायचे, जखमा चिघळायच्या, डोळे जळायचे. मी धबधब्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. आमच्या काही जुन्या खाणींतही असं आंबट पाणी येतं. पंपाचे भाग कुरतडून टाकतं ते. लोखंडाचं असं होत असेल तर कातडीचं काय.

भिंतीसमोर उभं राहिल्यावर मी आपल्या संबंधातलं काही शोधत होतो. छावणीतले एक डॉक्टर होते मेजर बेन व्हीलर. कॅनडातल्या एडमंटनचे, पण नोकरी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या लष्करी वैद्यकीय सेवेत. सिंगापूर पडलं तेव्हा पकडले गेले. औषधं जवळजवळ नाहीत, हत्यारं नाहीत, आणि खाणीला रोज ठरावीक माणसं हवीतच. आजारी म्हणून किती जणांना मागे ठेवता येईल याला जपान्यांनी मर्यादा घातलेली. म्हणजे तापाने फणफणलेल्या दहांपैकी आज कोणी खाली जायचं हे डॉक्टरने ठरवायचं. त्यांच्या माणसांनी पुढे आयुष्यभर त्यांचं नाव देवासारखं घेतलं. त्यांनी लपवून डायरी लिहिली, आणि १९८१ साली त्यांच्या मुलीने त्यावरून माहितीपट केला. आमच्या कॉलरीतही डॉक्टरच्या ‘फिट’च्या चिठ्ठीशिवाय माणूस खाली जात नसे. ती चिठ्ठी किती मोठी गोष्ट आहे ते मला इथे कळलं.

सिंगापुरात शरण आलेल्यांत भारतीय सैनिक हजारोंनी होते, पण जपान्यांनी त्यांना सुरुवातीलाच गोऱ्या सैनिकांपासून वेगळं काढलं. त्यांचे हाल वेगळ्या ठिकाणी झाले. ती हकीकत इथे या बागेत नाही.

आणखी एक गोष्ट. युद्ध अंगाशी येऊ लागलं तेव्हा छावणीतून थेट खाणीकडे एक बोगदा काढला गेला. कैद्यांना वाटलं, चला, डोंगर चढणं वाचलं. पण त्या बोगद्याचा हेतू वेगळाच असावा असा संशय येतो, कारण युद्धानंतर तैवानच्या युद्धकैदी मुख्यालयाच्या दैनंदिनीतली १ ऑगस्ट १९४४ ची नोंद उजेडात आली: शत्रू चालून आला तर कैद्यांना एकत्र करून, कोणत्याही मार्गाने, एकही न सुटता, मागे पुरावा न ठेवता संपवायचं. जपानी युद्धगुन्हेगारांवरच्या टोकियोच्या खटल्यात ती पुरावा म्हणून मांडली गेली. मित्रराष्ट्रांची फौज तैवानवर उतरलीच नाही, म्हणून ती वेळ आली नाही. मार्च १९४५ मध्ये खाण थांबली, कारण काढलेला माल न्यायला जहाजंच उरली नव्हती. कैद्यांना तैपेईच्या दक्षिणेच्या डोंगरातल्या दुसऱ्या छावणीत नेलं आणि तिथे जंगल साफ करायला लावलं.

यातून सुटलेल्यांत जॅक एडवर्ड्स नावाचे वेल्श सार्जंट होते. युद्धानंतर ते तपास पथकाबरोबर पुन्हा इथे आले, पुरावे गोळा केले, साक्षी दिल्या. पुढे हाँगकाँगला राहिले आणि युद्धातल्या सैनिकांच्या विधवांसाठी लढत राहिले. २००६ साली वारले. १९४७ मध्ये हाँगकाँगला खाण कंपनीच्या माणसांवर खटला चालला. लष्करी पहारेकऱ्यांवर नव्हे, खाणीच्या व्यवस्थापकावर आणि मुकादमांवर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मारणारा हात पहारेकऱ्याचा असो की मुकादमाचा, गाड्यांचा आकडा कंपनीच्या कचेरीत ठरत होता. नंतरच्या काळात भरपाईचं काम फार हळू झालं. ब्रिटिश सरकारने हयात कैद्यांना आणि विधवांना दहा हजार पौंड द्यायचं ठरवलं ते २००० साली. जपानातल्या खाणींत अमेरिकन कैद्यांना राबवल्याबद्दल मित्सुबिशी मटेरियल्सने लॉस एंजेलिसला जाऊन माफी मागितली ती २०१५ मध्ये.

खाण पुढे तैवान सरकारच्या कंपनीने चालवली आणि १९८७ ला बंद झाली. त्या काळातल्या स्थानिक कामगारांपैकी कितीतरी जण दगडाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेले. त्यांची आठवणही या डोंगराने ठेवायला हवी. संग्रहालयात त्यांच्या घरांची, डब्याची, सणांची मांडणी मनापासून केलेली दिसते.

सहलीच्या गाडीने येणाऱ्यांना एक सांगतो. आमच्या ओळखीचं एक कुटुंब अशाच एका गाडीने आलं होतं. त्यांना तासाभरात सोन्याची वीट आणि बोगदा दाखवून परत बसवलं, बागेचं नावही घेतलं नाही. तेव्हा सहलीच्या गाडीऐवजी स्वतःच साध्या बसने या. तैपेईहून ९६५ किंवा १०६२ नंबरची बस थेट संग्रहालयापाशी सोडते, किंवा रुइफांगपर्यंत आगगाडीने येऊन पुढे ७८८. महिन्यात एखादा सोमवार बंद असतो, आधी बघून घ्या. सकाळी लवकर पोचा, मुख्य इमारत आणि बोगदा जेवणाच्या आत उरका आणि दुपार खालच्या बागेसाठी ठेवा. वाट पायऱ्यांची आहे, गुडघे दुखत असतील तर परतीला चढण आहे हे लक्षात घ्या. मी काठी घेऊन गेलो होतो आणि वाटेत बसायला जागा मिळाली. पावसाळी जोडे आणि छत्री हवीच, आपल्या कोकणात श्रावणात जसं असतं तसं इथे हिवाळाभर असतं.

नोव्हेंबरात तैवानमध्ये असाल तर युद्धात मेलेल्यांच्या स्मरणदिनाच्या (११ नोव्हेंबर) आसपासच्या रविवारी या बागेत कैद्यांच्या आठवणीचा कार्यक्रम होतो. इथली युद्धकैदी छावण्यांची स्मारक संस्था तो दरवर्षी करते, वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी येतात. आम्ही या वर्षी जाणार आहोत. मुलाने सुटी टाकलीय. नातीला भिंतीवरची नावं वाचता यावीत म्हणून ती सध्या माझ्याजवळ इंग्रजी अक्षरं गिरवतेय.